जावक क्रमांक ४१२७, विषय: गोलकीपर

माणसाला मतं असावीत, पण ती घरात असावीत. घरात बोललेलं मत संध्याकाळपर्यंत विरून जातं. दाराबाहेर पडलेल्या मताला मात्र पाय फुटतात आणि ते एक दिवस आपल्याच दारात येऊन उभं राहतं. जावकरावांना हे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेही कार्यालयाच्या गोल शिक्क्यासकट कळलं.

ते वजनमापे कार्यालयात जावक बारनिशीला होते. म्हणजे कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक घालायचा, तारीख टाकायची, शिक्का मारायचा, रजिस्टरात नोंद करायची आणि पाकीट चिकटवायचं. तेवीस वर्षं हे एकच काम केल्यामुळे त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. ऑफिसात ते जावकराव, इमारतीत जावकराव, आणि बायकोसुद्धा फार रागावली की 'अहो' सोडून 'जावकराव' म्हणायची.

शहरात व्यावसायिक संघ दोन होते, एक हॉकीचा आणि एक फुटबॉलचा. दोन्हींबद्दल जावकरावांची मतं पक्की होती. हॉकीचा संघ आपला. तो हरायचा, पण घरच्या माणसासारखा हरायचा; हरल्यावर खेळाडू खाली मान घालून निमूट निघून जायचे. फुटबॉलचा संघ जिंकायचा, आणि हाच त्याचा मुख्य दोष होता. "अकरा केशरचना मैदानात फिरतात," जावकराव म्हणायचे. "वारा लागला की पडतात, शिट्टी वाजली की उठतात. हॉकीचा चेंडू बघा, मुठीएवढा आणि दगडासारखा टणक. तो खरंच लागतो, म्हणून तिथे कुणी नाटक करत नाही."

फुटबॉलची बाजू घ्यायला ऑफिसात अधीक्षक होते. "हॉकी म्हणजे काय हो जावकराव? बावीस माणसं कमरेत वाकून झाडलोट करतात," असं ते दर सोमवारी म्हणत. अधीक्षक वरिष्ठ असल्यामुळे त्यांचं मतही वरिष्ठ होतं, आणि ते ऐकून घेण्यावाचून इलाज नव्हता. पण दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते आणि ज्येष्ठतेच्या यादीत पुढचं नाव जावकरावांचं होतं. त्या खुर्चीत बसल्यावर हॉकीविषयी पहिलं वाक्य काय बोलायचं, हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. जावकराव मैदानावर कधीच गेले नव्हते. उन्हात बसून खेळ नीट दिसत नाही, असं त्यांचं मत होतं. उंटावरून शेळ्या हाकायला सोफा पुरतो, आणि त्यांचा सोफा चांगला खोल होता.

तर त्या रविवारी हॉकी संघ तळाच्या संघाकडून चार-एकने हरला. चारही गोलांच्या वेळी गोलकीपर आपली जागा सोडून पुढे धावला होता आणि चेंडू त्याच्या मागच्या रिकाम्या जाळीत गेला होता. जावकराव टीव्हीसमोर उभे राहून ओरडत होते, "अरे, जागेवर थांब! तुला जागेवर थांबायचे पैसे मिळतात!" गेली आठ वर्षं ते याच गोलकीपरला हेच सांगत होते आणि त्याने एकदाही ऐकलं नव्हतं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "अहो, त्याला ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. "मला येतंय. मी काही गोलमध्ये उभी नाही. एवढं असेल तर त्यांना पत्र लिहा की."

बायकोने हे वाक्य घरात शांतता नांदावी म्हणून उच्चारलं होतं. जावकरावांनी ते मनावर घेतलं. रात्रीच्या जेवणापर्यंत अकरा पानं झाली.

पानं घेऊन ते समोरच्या दारी गेले. तिथे निवृत्त मुख्याध्यापक राहत. इमारतीत त्यांना सगळे हेडसर म्हणायचे, आणि लिफ्टमधल्या सूचनेपासून लग्नपत्रिकेपर्यंत कुठलाही मजकूर त्यांच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. हेडसरांनी अकरा पानं वाचली आणि चष्मा काढला.

"जावकराव, यात भावना फार आहेत. 'माझं काळीज तुटतं' हे काय आहे? काळीज कशाला हवंय क्लबला? मुद्दे द्या. एक, दोन, तीन. वर विषय लिहा. आणि मुदत घाला."

"मुदत कशाची, सर?"

"सात दिवसांची. ज्या पत्राला मुदत नाही त्याला उत्तर नाही. चाळीस वर्षं पालकांना पत्रं लिहिलीत मी." असं म्हणून त्यांनी खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: 'वरील त्रुटी दूर करून सात दिवसांत अनुपालन अहवाल सादर करावा.'

अकरा पानांचं एक पान झालं. त्यात तीन मुद्दे उरले: गोलकीपर आपली जागा सोडतो, सबब त्यास त्या जागेवरून दूर करावे; मधल्या फळीतील खेळाडू चेंडूपेक्षा हळू पळतात; पेनल्टी कॉर्नरच्या वेळी सर्व जण एकदम ओरडतात. पत्र इतकं कोरडं आणि करडं झालं होतं की जावकरावांना स्वतःचाच धाक वाटला. खाली नाव नव्हतं, फक्त त्यांची सही होती. ती कुणालाच वाचता येत नसे, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत टपालात टाकू, म्हणून त्यांनी ते ऑफिसात नेलं आणि टेबलावर ठेवलं. आता जिथे तेवीस वर्षांत एकही कागद क्रमांकाशिवाय पुढे सरकलेला नाही अशा टेबलावर तो कागद आला, तर त्याचं काय होणार? डोकं आदल्या रविवारच्या तिसऱ्या गोलात होतं आणि हात आपलं काम करत होते. क्रमांक, तारीख, शिक्का, नोंद, पाकीट. दुपारी अडीचला टपालाची पिशवी गेली.

चार वाजता चहा पिताना त्यांनी सहज रजिस्टर चाळलं. ४१२६ होता भाजी बाजारातल्या तराजूंबाबत, ४१२८ होता पेट्रोल पंपाच्या मापाबाबत. मध्ये ४१२७, त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात: 'हॉकी संघ, गोलकीपरमधील त्रुटी'. त्यांनी कप खाली ठेवून ती ओळ पुन्हा वाचली.

खाडाखोड करायची सोय नव्हती. रजिस्टरची पानं छापील क्रमांकाची, आणि नोंद खोडणं हा या कार्यालयात गुन्हा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे कोण सांगायचं? जावकरावच सांगायचे. "पाप धुता येतं, जावक क्रमांक धुता येत नाही," हे वाक्य त्यांचंच होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली की पत्रं कुणी वाचत नाही. स्वतः तेवीस वर्षं पत्रं पाठवून त्यांचा या गोष्टीवर विश्वास बसलेला होता.

क्लबमध्ये मात्र पत्र वाचलं गेलं. झालं असं, की मैदानावर थंड पेयांचा जो स्टॉल होता त्याच्या ग्लासाचा तळ चांगला दोन बोटं जाड होता, म्हणजे पेय तेवढं कमी मावायचं, आणि ते ग्लास खुद्द क्लबच्या सचिवांनी पसंत केले होते. वजनमापे कार्यालयाचा शिक्का बघूनच सचिवांची पाचावर धारण बसली. चोराच्या मनात चांदणं. त्यांनी पत्र तीनदा वाचलं. ग्लासाबद्दल अवाक्षर नाही, फक्त गोलकीपर मागितलाय! एवढ्यावर भागत असेल तर गोलकीपर काय, दोन्ही गोलपोस्ट उपटून द्यायची त्यांची तयारी होती.

आठव्या दिवशी कार्यालयात अनुपालन अहवाल दाखल झाला. तो पहिल्यांदा पडला आवकताईंच्या हातात. आत येणाऱ्या कागदांचं रजिस्टर सांभाळणाऱ्या बाईंना आवकताई म्हणत. जावकरावांच्या बरोबर समोर त्यांचं टेबल, आणि ज्येष्ठतेच्या यादीत नावही त्यांच्या बरोबर खाली.

"जावकराव," त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आपल्या पत्राप्रमाणे गोलकीपरला जागेवरून दूर केलं म्हणतायत. मधल्या फळीला पहाटे पळायला लावलंय. आणि पेनल्टी कॉर्नरला यापुढे एकच जण ओरडेल. आपण हे कधी मागितलं होतं?"

जावकराव काही बोलायच्या आत कागद अधीक्षकांच्या टेबलावर पोचला. अधीक्षकांनी तो दोनदा वाचला. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक मंद हसू दिसू लागलं. पत्र कुणाचं ते त्यांना पहिल्या ओळीतच कळलं होतं. पण हॉकी संघाचा पहिला गोलकीपर सरकारी शिक्क्याने बाहेर बसतोय, ही गोष्ट फुटबॉलच्या माणसाला सुंठेवाचून खोकला गेल्यासारखी होती.

"याची फाइल कुठाय?" त्यांनी विचारलं.

"फाइल नाहीये, साहेब. ते पत्र म्हणजे खरं तर—"

"उत्तर आलंय म्हणजे पत्र आहे. पत्र आहे म्हणजे फाइल असणार. नसेल तर उघडा. जावक तुमची, म्हणजे विषय तुमचा." आणि त्यांनी टिपणी लिहून मोठ्या साहेबांकडे पाठवली. मोठ्या साहेबांनी सवयीने न वाचता शेरा मारला: 'नियमित पाठपुरावा करावा.'

अशा रीतीने जावकराव हॉकी संघावर सरकारी नजर ठेवणारे जगातले बहुधा पहिलेच कारकून झाले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली. पण पुढच्या रविवारी नव्या गोलकीपरने जागा सोडली नाही आणि संघ जिंकला. त्यापुढच्या रविवारी पुन्हा जिंकला. आता माणूस कितीही भित्रा असला, तरी आठ वर्षं टीव्हीसमोर ओरडलेली गोष्ट खरी ठरली की त्याची छाती फुगतेच. जावकराव जिना चढताना कठड्याला हात लावेनासे झाले.

इमारतीत बातमी पसरली. हेडसर ज्याला त्याला सांगू लागले की सात दिवसांची मुदत त्यांची. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या वहिनी येऊन म्हणाल्या, "भावजी, पुढच्या पत्रात त्यांच्या शर्टाचं घ्या हो. काखेत कापड कमी पडतं, म्हणून हात वर जात नाहीत. मी टीव्हीवर बघते ना." हे जावकरावांना पटलं आणि दुसऱ्या पत्रात मुद्दा क्रमांक दोन म्हणून गेलं. बायको मात्र काही बोलत नव्हती. ती बोलत नाही याचा अर्थ तिला पटलंय असा जावकरावांनी घेतला. सत्तावीस वर्षांच्या संसारानंतरही माणूस अशा चुका करतो.

एकच अपमान त्यांना गिळावा लागला. अधीक्षकांनी एक मसुदा तयार केला: 'फुटबॉल संघाच्या संदर्भात या कार्यालयाचा कोणताही आक्षेप नसून संघाची कामगिरी सर्वार्थाने समाधानकारक आहे.' आणि तो जावकेसाठी टेबलावर ठेवला. 'सर्वार्थाने' या शब्दावर जावकरावांची नजर अडकली. ते म्हणाले, "साहेब, परवा त्यांचा तो पुढचा खेळाडू कुणी हात न लावता चार वेळा पडला." अधीक्षक म्हणाले, "क्रमांक घाला." त्यांनी दात ओठ खाऊन ४२१५ घातला, आणि शिक्का जरा तिरपा मारून सूड उगवला.

तिसऱ्या आठवड्यात सोमवारी त्यांच्या खिडकीशी एक माणूस येऊन उभा राहिला. उंच, पस्तिशीचा, डाव्या भुवईवर टाक्यांची खूण. खांद्यावर गादीच्या वळकटीएवढी बॅग. त्याने हातातला कागद पुढे केला आणि फार नम्रपणे विचारलं, "ना हरकत दाखला इथेच मिळतो का, साहेब?"

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल. मी गोलकीपर आहे. क्लब म्हणतो की वजनमापे कार्यालयाची माझ्यावर हरकत आहे. महिनाअखेरीला माझा करार संपतोय. तोवर दाखला आणला तर खेळवतील आणि करार वाढवतील, नाहीतर रामराम." तो जरा थांबला. "माझ्यात नेमकं काय कमी भरलंय, ते कळलं असतं तर बरं झालं असतं."

जावकरावांनी या माणसाला आठ वर्षं शिव्या घातल्या होत्या. टीव्हीवर तो वीतभर दिसायचा. खिडकीशी तो चांगला सहा फूट होता, आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं होतं.  अडचण समोर आली की कार्यालयीन माणूस जे बोलतो तेच जावकराव बोलले: "अर्ज करा."

अर्जावर अधीक्षकांनी शेरा मारला, 'प्रत्यक्ष तपासणी करून अहवाल द्यावा.' जीभ उचलून टाळ्याला लावणाऱ्याला प्रत्यक्ष तपासणीसारखी शिक्षा नाही. गुरुवारी सकाळी जावकराव मोजपट्टी आणि छापील तक्ता घेऊन आयुष्यात पहिल्यांदा हॉकीच्या मैदानावर गेले. तक्ता वजनकाट्यांच्या तपासणीचा होता, कारण दुसरा नव्हता. पहिला रकाना 'उत्पादकाचे नाव' होता. गोलकीपरने तिथे आईवडिलांचं नाव सांगितलं.

क्लबचे सचिव हात जोडून बरोबर फिरत होते आणि दर दोन मिनिटांनी जावकरावांना स्टॉलपासून दूर नेत होते. शेवटी पत्रातला आक्षेप ऐकून गोलकीपर म्हणाला, "साहेब, मी जागा का सोडतो ते दाखवू का? पट्टी आणलीच आहे तुम्ही."

त्याने दोन लांब दोऱ्या घेतल्या. गोलसमोर, फटका मारणारा जिथे असतो तिथे एक खुंटी ठोकली. तिथून एक दोरी डाव्या खांबाला, दुसरी उजव्या खांबाला ताणून बांधली. "या दोन दोऱ्यांच्या मधून चेंडू येणार. आता मी रेषेवर, तुम्ही म्हणता त्या जागेवर उभा राहतो. मोजा."

जावकरावांनी मोजलं. त्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर जागा मोकळी होती.

"आता चार पावलं पुढे येतो. मोजा."

पुढे दोऱ्या एकमेकींजवळ आल्या होत्या. गोलकीपरने हात पसरले तर दोन्ही दोऱ्या त्याच्या हातमोज्यांना लागत होत्या. जावकरावांनी पुन्हा मोजलं. मग वाकून तिसऱ्यांदा मोजलं. तेवीस वर्षं ते अशा कार्यालयात होते जिथे माणूस खोटं बोलतो पण माप बोलत नाही, एवढी एकच श्रद्धा होती. आणि माप त्यांच्या विरुद्ध गेलं होतं.

"म्हणजे पुढे यायचंच असतं?" ते हळूच म्हणाले.

"यायचंच असतं, साहेब. टीव्हीवर मागची जाळी रिकामी दिसते. चेंडूला ती दिसत नाही."

जावकरावांना त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटली. ते सचिवांना बाजूला घेऊन गेले आणि एका दमात खरं सांगून टाकलं: पत्र खाजगी होतं, शिक्का सवयीने पडला, कार्यालयाचा काही संबंध नाही, याला परत घ्या. सचिव आधी घाबरले, मग सैलावले, मग चक्क कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"शिक्का चुकला असेल," ते म्हणाले. "पण मत तर बरोबर निघालं ना! दोन मॅच जिंकल्या. आता मी त्याला परत घेतला आणि हरलो, तर समिती मला विचारेल. तुम्ही असं करा, मत चुकीचं होतं असं लेखी द्या, शिक्क्यासकट. मग मी बघतो."

म्हणजे घोडं इथे पेंड खात होतं. शिक्का चुकला हे कबूल करणं सोपं होतं. शिक्के चुकतात. पण मत चुकलं? कुठल्या क्रीडारसिकाने आजवर असं लेखी दिलंय? पंच चुकतो, प्रशिक्षक चुकतो, खेळाडू तर चुकण्यासाठीच पगार घेतो. सोफ्यावरचा माणूस चुकत नाही. तेवढ्यासाठीच तर तो सोफ्यावर बसतो.

शुक्रवारी दहा वाजता जावकराव कोरा कागद घेऊन बसले. 'सदर पत्र निम्नस्वाक्षरीकाराचे खाजगी असून त्यावर कार्यालयाचा क्रमांक व शिक्का नजरचुकीने पडला' हे वाक्य सव्वादहाला लिहून झालं. पुढचं वाक्य जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं. आधी लिहिलं, 'मत काहीसे घाईचे होते.' मग 'मत त्या दिवसापुरते होते.' मग 'मत चांगल्या हेतूने होते.' तिन्ही कागद टोपलीत गेले. महिनाअखेर चार दिवसांवर आली होती, आणि 'काहीसे घाईचे' या शब्दांवर कुणी कुणाचा करार वाढवत नाही. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले, उघडले आणि लिहिलं: 'गोलकीपरविषयीचे मत प्रत्यक्ष मोजमाप केले असता पूर्णपणे चुकीचे आढळले.'

अधीक्षकांनी मसुदा वाचला आणि दार लोटून घेतलं. फुटबॉलचा असला तरी माणूस अगदीच वाईट नव्हता.

"जावकराव, हे गेलं तर मला तुमचा खुलासा मागवावा लागेल. खुलासा आला की सेवापुस्तकात नोंद. नोंद झाली की खुर्ची आवकताईंना. मी निवृत्त होईपर्यंत थांबा ना. फाइल मी दाबून ठेवतो."

"तोवर तो काय करेल, साहेब?"

"दुसरीकडे खेळेल."

"पस्तिशीच्या गोलकीपरला कोण घेतं? एवढं हॉकीतलं मला कळतं."

अधीक्षकांनी कागद परत दिला. "बरं, पहिलं वाक्य समजलं. पण 'पूर्णपणे'? निदान तो शब्द तरी काढा. मला स्वतःला फुटबॉलबद्दल असं लिहवलं नसतं."

"काढला तर सचिव पळवाट शोधतील," जावकराव म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने क्रमांक घातला, ४३०२. शिक्का या वेळी अगदी सरळ मारला.

घरी सांगितल्यावर बायकोने हातातली घडी खाली ठेवली. होणाऱ्या अधीक्षकाची बायको म्हणून ती बहिणीच्या घरी आधीच दोनदा चहा पिऊन आली होती. मग ती म्हणाली, "चुकलात हे लेखी दिलंत?"

"हो."

"शिक्क्यासकट?"

"हो."

"सत्तावीस वर्षांत मला कधी तोंडी दिलं नाहीत," ती म्हणाली, आणि उठून त्यांच्यासाठी चहा टाकायला गेली. हेडसरांनी मात्र त्यांच्याशी बोलणं सोडलं. माघार घेणाऱ्या मजकुरात आपलं लाल पेन कधी गुंतलं नव्हतं, असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत होते.

सचिवांनी पत्र मिळाल्या दिवशीच गोलकीपरला परत घेतलं आणि पुढचं पत्र ग्लासाबद्दल येईल या भीतीने करारही वर्षभर वाढवून टाकला. रविवारी संघ तीन-दोनने हरला. जावकराव पूर्ण वेळ सोफ्यावर गप्प बसून होते, आणि ते त्यांना फार जड गेलं. सोमवारी ऑफिसात आवकताईंच्या टेबलावर बेकरीतून आणलेला केक होता, कारण जावकरावांचा खुलासा आणि नोंद शुक्रवारीच उरकली होती आणि अधीक्षक निवृत्त झाल्यावर लागू होणारी बढतीची ऑर्डर आवकताईंच्या नावाने निघाली होती. जावकरावांनी एक तुकडा खाल्ला, अभिनंदन केलं आणि पुन्हा आपल्या खिडकीशी येऊन बसले.

दुपारी गोलकीपर आला. त्याला त्या पत्राची एक साक्षांकित प्रत हवी होती, घरी ठेवायला. जावकरावांनी ती तयारच ठेवली होती. त्याने ती तिथेच उभं राहून वाचली, नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

"साहेब, तुमचे उपकार मी विसरणार नाही," तो म्हणाला. मग खिडकीत जरा वाकला आणि आवाज खाली आणला. "पण एक सांगू का? रागावू नका. तुमचं ते पहिलं पत्र बरोबर होतं."

जावकरावांचा हात पेनावरच थांबला.

"दोरी खरी आहे, खोटं नाही सांगितलं मी. पण ती चार पावलांपर्यंत खरी आहे. त्याच्या पुढे गेलं की चेंडू डोक्यावरून जातो. आणि मॅचमध्ये मी सात जातो. काल तिन्ही वेळा गेलो. सवयच लागलीय, पाय ऐकत नाहीत. आठ वर्षांत एवढं बारकाईने कुणी बघितलं नाही, साहेब. तुम्ही एकट्यानेच बघितलंत."

जावकरावांनी मान वळवून मागे बघितलं. अधीक्षक बाहेर गेलेले बघून आवकताई त्यांच्या मोठ्या खुर्चीची उंची कमी-जास्त करून बघत होत्या. समोर रजिस्टर उघडं होतं आणि त्यात त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मत पूर्णपणे चुकीचे असल्याबाबत'. 

"हे तुम्ही लेखी द्याल?" अखेर त्यांनी विचारलं.

गोलकीपर ओशाळून हसला. "लेखी कसं देणार, साहेब? वर्षभराचा करार झालाय."

"बरोबर आहे," जावकराव म्हणाले. "देऊ नका." आणि त्यांनी रजिस्टर फिरवून त्याच्यापुढे सरकवलं. "इथे पोच म्हणून सही करा. आणि येत्या रविवारी, चारच पावलं."